मर्फीच्या पोटातल्या बाहुल्या

नाशिक,
5 ऑक्टोबर 2025

प्रिय सुऱ्या,

पावणेदोन वर्षं तुला पत्र नाही की फोन नाही. 2024च्या फेब्रुवारीत दोनदा फोन हातात घेतला होता. आधी बातमी आली की रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सने 27 कोटींना घेतल्या. मग 20 तारखेला बुधवारच्या बिनाका गीतमालेचे अमीन सयानी गेले. एकाच महिन्यात आपल्या गोळ्याही गेल्या आणि आपला बुधवारही. त्या रात्री तुला फोन लावणारच होतो, तेवढ्यात आई न्हाणीत पडली. दवाखाने सुरू झाले आणि राहिलं ते राहिलंच. आता तिचा पाय जुळलाय, वॉकर धरून घरात फिरते. माझी साखर गोळ्यांवर ताब्यात आहे. तब्येतीचं एवढंच.

आज लिहायला बसलो ते मर्फीमुळे.

कॅम्पातलं घर शेवटी विकलं. माळा रिकामा करताना सतरंजीत गुंडाळलेला रेडिओ निघाला. धाकटा म्हणाला, भंगारात घाल. मी गाडीत मांडीवर घेऊन नाशिकला आणला. डायलच्या काचेवर सिलोनच्या जागी तू चिकटवलेला लाल कागदाचा तुकडा अजून आहे. त्या तुकड्यावरून अण्णांनी तुला किती झापलं होतं, आणि नंतर तेच चष्मा कपाळावर सरकवून काटा बरोबर त्या खुणेवर आणायचे.

दुरुस्तीवाला म्हातारा आहे, व्हॉल्व्हचे सेट उघडणारा गावात बहुतेक तोच उरला असेल. त्याने मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढला आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्या पोटात काय भरलंय?"

गोळ्यांचे कागद होते, सुऱ्या. मी टेबलावर मांडून मोजले. 41. व्हॉल्व्हच्या जवळचे उष्णतेने आकसून काळपट झालेले, तळाशी पडलेले मात्र अजून चकचकीत, लाल, हिरवे, पिवळे. आणि प्रत्येक कागदाची बाहुली केलेली. बारीक चुण्या घालून मधोमध पीळ, वर पदर, खाली घोळ. बेबीला आणि तुझ्या मंगीला अशा बाहुल्या कोण करून द्यायचं ते तुला सांगायला नको.

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. म्हाताऱ्याने पाणी दिलं.

1977चा तो बुधवार. दिवाळी नुकतीच झाली होती. अण्णांच्या दुकानात गोळ्यांच्या बरणीतला माल आठवडाभर कमी भरत होता आणि अण्णा चिडलेले. तू आठला पाच कमी असताना ओट्यावर आलास, खिशात मामाने रावळगावहून पाठवलेल्या गोळ्या. त्यातल्या दोन तू मला आधीच दिल्या होत्यास, एक माझ्या गालात होती. अण्णांनी तुझा खिसा उलटा केला. तू सांगत होतास, "माझा मामा कारखान्यात आहे, मी कशाला चोरू?" आणि अण्णा म्हणाले, "चोराला मामाच आठवतो." मग तो आवाज. आत रेडिओवर 'बहनों और भाइयों' सुरू झालं होतं.

मी गोळी गिळून टाकली, न चोखता. घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं. मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही. ह्याबद्दल मी तुझी माफी कधीच मागितली नव्हती. आज मागतो. खरं तर तेव्हाच मागायला हवी होती, तू जवळजवळ वर्षभर पानटपरीसमोर उभा राहून गीतमाला ऐकत होतास तेव्हा. मी गॅलरीतून बघायचो. टपरीवाल्याचा ट्रान्झिस्टर मध्येच खरखरायचा, तुझ्या वहीत काही पायदानं, म्हणजे गाण्यांचे नंबर, गाळली जायची आणि शाळेत तू ती माझ्या वहीतून उतरवून घ्यायचास. त्यावरून आपलं दर गुरुवारी भांडण. माझ्या वहीत चौथं असलेलं गाणं तू मुद्दाम पाचवं लिहायचास, हे मी अजून मान्य केलेलं नाही. तुझी ती वही असेल तर घेऊन ये, मी माझी काढून ठेवली आहे. आपण दोघांनी साठी गाठली तरी ह्या एका गोष्टीचा निकाल लागायलाच हवा.

पण मूळ मुद्दा तो नाही.

आई दुपारी रेडिओ लावायची, आठवतं? अण्णा जेवून दुकानाच्या मागच्या खोलीत आडवे व्हायचे, आजी विठ्ठलमंदिरात पोथीला जायची, तो अर्धा-पाऊण तास. मुंबई केंद्र खरखरत लागायचं. वनिता मंडळ ऐकताना ती रेडिओला अगदी कान लावून जमिनीवर बसायची, आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीत कळू नये. अकरा माणसांच्या घरात तिची हक्काची जागा तेवढीच, भिंत आणि मर्फीची मागची बाजू ह्यांच्या मधली. साखर रेशनवर, डब्याला आजीचं कुलूप. पुरुषांच्या चहात साखर, बायकांच्या चहात गूळ. दिवाळीच्या करंज्या तिने केल्या तरी मोजून ठेवायची आजी. अशा घरातली 35 वर्षांची बाई दुपारी दुकानात भांडी न्यायला गेली की बरणीतून एक गोळी उचलायची. एकच. 41 कागद म्हणजे 41 दुपारी.

कागद चुलीत का नाही टाकले? मी रात्रभर ह्याचाच विचार केला. चुलीपाशी आजी, केरही आजी बघायची. पदराला बांधावे तर धुण्याच्या वेळी निघतील. मर्फीला मात्र अण्णांशिवाय कोणी हात लावत नसे आणि त्याची पाठ अण्णाही बघत नसत. पुठ्ठ्याच्या फटीतून एकेक बाहुली आत ढकलायची, की झालं. नुसता कागद ढकलला असता तरी चाललं असतं. बाहुली करून का ढकलली असेल, सुऱ्या? त्या प्रश्नाशी आलो की मला तिच्यावर रागावताच येत नाही.

आणि लगेच तुझा गाल आठवतो. चार बोटं उमटली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हे मला नक्की आठवतं, हातात उलथणं होतं. तिला ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर? पण बोलली असती तर अण्णांनी आणि आजीने तिचं काय केलं असतं, तेही तू पाहिलेलं आहेस. पोळी करपली म्हणून माहेरचं पत्र फाडणारं घर होतं ते. तरीही तू 12 वर्षांचा होतास आणि ती मोठी होती. मी ह्या दोन टोकांमध्ये गेला आठवडाभर येरझारा घालतोय. सुनंदा म्हणते, "83 वर्षांच्या बाईला आता काय विचारायचं? जाऊ दे." तिचं बरोबर असेल. पण मार सुनंदाने खाल्ला नव्हता, तू खाल्लास.

आता मागचं सगळं वेगळं दिसायला लागलंय. पुढच्या वर्षीच्या गुढीपाडव्याला तिने माझ्या हाती तुझ्या घरी साखरगाठी पाठवल्या होत्या, गुढीला बांधलेल्यांपेक्षा मोठ्या, आणि बजावलं होतं की अण्णांना सांगू नकोस. मला वाटलं होतं तुझे वडील आजारी होते म्हणून. तू पुन्हा घरी यायला लागल्यावर तुझ्या भाकरीवर तूप नेहमी जास्त. बेबी चिडून विचारायची, "हा तुझा सख्खा का?" अनारशाच्या घाण्यातला पहिला तुझ्या नावाने बाजूला. तू बडोद्याला गेल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं ती तो बाजूला काढायची आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी द्यायची. आपण ह्याला जीव लावणं म्हणत होतो. जीव तर तिने लावलाच, मी तो खोटा म्हणत नाही. पण त्या तुपाखाली हे होतं.

काल मी पानपसंद घेऊन आलो. आई खिडकीपाशी बसली होती. एक सोलून दिली, कागद तिच्याच मांडीवर राहिला. ती तोंडात गोळी घोळवत समोरच्या गुलमोहराकडे बघत होती आणि बोटं आपोआप चालत होती. चुणी, चुणी, पीळ. सांधे वाकडे झालेत तरी बाहुली सुबक झाली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, सुऱ्या, मी समोर असून मला न पाहिल्यासारखं, आणि बाहुली उशीखाली सरकवली.

मी उठून गॅलरीत गेलो. थोड्या वेळाने तिनेच हाक मारली. म्हणाली, "सुऱ्या दिवाळीला येणार का रे?" दर वर्षी विचारते. कालचं विचारणं मात्र माझ्याने ऐकवलं नाही.

तुझं काय चाललंय ते मी विचारलंच नाही. वैशालीचं बाळंतपण नीट झाल्याचं मंगीकडून कळलं, नातीचं नाव काय ठेवलं? गुडघ्याचं ऑपरेशन करून घे, पुढे ढकलू नकोस, वहिनींना माझा नमस्कार. पेन्शनचं घोडं पुढे सरकलं का तेही कळव.

मर्फीचं सांगायचं राहिलं. दोन व्हॉल्व्ह गेलेत, म्हातारा शोधून देतो म्हणाला. शॉर्टवेव्हवर आता काही मिळण्याची आशा धरू नका, असंही म्हणाला. मिडियमवेव्ह लागलं तरी मला चालेल. बाहुल्या मी बिस्किटांच्या डब्यात भरून कपाटात ठेवल्यात, कुलूप लावलेलं नाही.

आईला मी काहीही विचारलेलं नाही आणि तू सांगेपर्यंत विचारणार नाही. तिला तुझ्यासमोर बोलू द्यायचं, की डबा तसाच ठेवायचा, की तू नुसतं येऊन तिच्या हातचा अनारसा खायचा, हे तू ठरव. तुझा हक्क आहे. मी ठरवायला गेलो तर पुन्हा गप्पच बसेन. अनारशाचे तांदूळ तिने सुनंदाकडून कालच भिजत घालून घेतले आहेत. वसुबारसेपर्यंत ये.

तुझा,
पक्या

ता. क. पाकिटात एक बाहुली घातली आहे, लाल कागदाची. डायलवरच्या तुझ्या तुकड्याशी रंग जुळतो का, ते इथे आल्यावर लावून बघू.