काका, अंगठ्यासाठी थँक्यू

प्रिय काका,

मला गिटारवर कंट्री ब्लूज शिकवल्याबद्दल तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, आधी ट्यूनिंग बघ" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. काकूंना सांगून ठेवलंय तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला, त्यामुळे आता सुटका नाही. शिवाय आपल्याकडे पस्तिशी उलटल्यावर गिटार घ्यावीशी वाटणारे बरेच असतात, आणि ते सगळे चार कॉर्ड शिकून, बोटं सोलून, गिटार कपाटावर टाकून मोकळे होतात, त्यातल्या कुणाच्या उपयोगाला हे आलं तर बरंच.

आधी एक सांगून टाकते. कंट्री ब्लूज म्हणजे कंट्री म्युझिक नव्हे. माझ्या आईला अजून वाटतं मी नॉर्थ कॅरोलायनात काउबॉय टोपी घालून गाते. हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या वादकांचं संगीत, १९२०-३० च्या सुमाराला रेकॉर्ड झालेलं, बहुतेक वेळा एक माणूस आणि एक साधी गिटार, ड्रम नाही बेस नाही, ठेका आणि चाल दोन्ही त्या एकाच माणसाच्या हातात. आणि आपण डरहॅमला राहतो म्हणजे त्यातल्या पीडमाँट बाजाच्या (या आग्नेयेकडच्या पट्ट्याचं नाव पीडमाँट, इथली वाजवायची पद्धत म्हणजे तो बाज) अगदी दारात राहतो, हे मला इथे नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

मी तुमच्या बेसमेंटमध्ये आले तेव्हा एका ऑनलाइन कोर्समधून बऱ्याच कॉर्ड पाठ करून आले होते आणि तुम्हाला त्या दाखवायची मला केवढी घाई होती. तुम्ही म्हणालात, सी धर, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी. बस. बाकीची बोटं वापरायची नाहीत. पुढचे कित्येक शनिवार एवढंच! सी वर पाचवी-चौथी, जी वर सहावी-चौथी, तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे गिटारच्या पोटावर अडकवलेल्या असतात तिथे, अलगद टेकवायची म्हणजे बेस घुमत बसत नाही, ठक ठक कोरडा येतो. आणि मी वाजवत असताना तुम्ही मुद्दाम गप्पा मारायचात, ऑफिसात लेऑफचं काय झालं, आईचा गुडघा कसा आहे, भारतात कधी जाणार, आणि उत्तर देताना अंगठा अडखळला की "पुन्हा पहिल्यापासून". मला तेव्हा खरंच वाटायचं की तुम्हाला शिकवायचा कंटाळा आलाय आणि नुसत्या गप्पाच हव्यात. आणि मग एका शनिवारी मी व्हिसाच्या कटकटी तुम्हाला सगळ्या सांगून संपवल्या आणि लक्षात आलं की अंगठा एवढा वेळ आपला आपण चालूच होता. (एकलव्याचा जोक तुम्ही दर वेळी करता, तो मी इथे लिहिणार नाही.)

त्या अंगठ्याबद्दल हे पत्र आहे खरं तर, कारण एकदा तो चालायला लागला की बाकीचं त्याच्यावर बसतं. पहिलं बोट आणि अंगठा एकदम, म्हणजे पिंच, मग तेच बोट दोन ठोक्यांच्या मधे, आणि तिथे ते सिंकोपेशन, म्हणजे ठोक्यावर न पडता मधेच पडणारे सूर, आलं की एकदम दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेला कागद, मात्र तुम्ही बघू दिला नाहीत. आधी चाल गुणगुणायची, ती तोंडात बसली की पहिल्या-दुसऱ्या तारेवर शोधायची, मग खाली अंगठा घालायचा. मला हे फार मागासलेलं वाटलं होतं, आता मला नवीन कुणी विचारलं तर मी हेच सांगते, कारण टॅबवरून शिकलेलं मी दोन दिवस गिटार नाही धरली की विसरते आणि गुणगुणून शोधलेलं राहतं.

तसंच एफ कॉर्डचं. त्या कोर्समध्ये बार कॉर्डशिवाय, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबल्याशिवाय, गत्यंतर नाही असं सांगितलेलं आणि माझं मनगट रडकुंडीला आलेलं. तुम्ही डाव्या हाताचा अंगठा मानेवरून पुढे आणून सहावी तार पहिल्या फ्रेटवर दाबून दाखवलीत आणि म्हणालात मिसिसिपी जॉन हर्ट असंच धरायचे, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की हे चूक आहे. हे १९२८ साली रेकॉर्डिंग करून आपल्या गावी अॅव्हलॉनला शेतावर परत गेलेले गृहस्थ, आणि १९६३ मध्ये लोकांनी त्यांना हुडकून काढलं ते त्यांच्याच एका गाण्यात गावाचं नाव होतं म्हणून. पस्तीस वर्षांनी! आणि हात तसाच मऊ.

आणि मग लिबा आजी. एलिझाबेथ कॉटन हे पूर्ण नाव, पण तुम्ही आजीच म्हणता म्हणून मीही. तुम्ही मला पहिलं गाणं "फ्रेट ट्रेन" दिलंत, सी, जी, ई सेव्हन, एफ, सगळे नवशिके त्यानेच सुरुवात करतात. मी महिनोन्महिने अंगठा घोटला, आणि गाणं जरा उभं राहिल्यावर तुम्ही मला त्यांचा व्हिडिओ दाखवलात, शांतपणे, चहा पीत. बाई डावखुऱ्या! उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरलेली, त्यामुळे बेस बोटांनी आणि चाल अंगठ्याने! मी तुमच्याकडे बघतच राहिले, म्हटलं काका, मग एवढे दिवस माझा अंगठा कशाला? तर म्हणे, कुठल्या बोटाने ते त्यांचं त्या बघतील, ठेका सुटला का कुठे ते सांग.

नव्हताच सुटला.

त्यांची गोष्ट तुम्ही कारबोरोला त्या रुळांच्या कडेने जाणाऱ्या सायकलवाटेवर सांगितलीत, त्यांच्याच नावाची वाट आहे ती. लहानपणी लोकांच्या घरी कामं करून साठवलेल्या पैशातून पावणेचार डॉलरची स्टेला गिटार घेतली, अकरा-बारा वर्षांच्या असताना "फ्रेट ट्रेन" रचलं, मग लग्न, चर्च, संसार आणि गिटार पार बंद. पुढे वॉशिंग्टनला सीगर या लोकसंगीतातल्या कुटुंबाकडे घरकाम करत असताना तिथल्या भिंतीवरची गिटार हातात घेतली तेव्हा घरातल्या मुलांना कळलं की या बाईंना हे येतं. पहिली रेकॉर्ड १९५८ ची, साठी ओलांडल्यावर, आणि ग्रॅमी नव्वदीत. उशीर झाला असं रडगाणं मी तुमच्यासमोर त्यानंतर एकदाही गायले नाहीये, नोंद घ्या.

डरहॅमची ती चक्कर तर मी विसरूच शकत नाही. अमेरिकन टोबॅकोच्या त्या लाल विटांच्या इमारती, जिथे आम्ही ऑफिसच्या पार्ट्यांना जातो. तुम्ही सांगितलंत की या भागातल्या गोदामांमध्ये तंबाखूचे लिलाव व्हायचे, सीझनला शेतकऱ्यांच्या खिशात रोख पैसे असायचे आणि बाहेर रस्त्यावर ब्लाइंड बॉय फुलर नॅशनल कंपनीची स्टीलची गिटार घेऊन उभा असायचा. नाचायचं संगीत होतं हे, रॅगटाइमच्या अंगाचं, ब्लूज म्हणजे फक्त दुःख उगाळणं हे डोक्यातून काढ म्हणालात. आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस, म्हणजे तुमच्या भाषेत डेव्हिसबुवा, फक्त अंगठा आणि एक बोट, आणि त्या दोघांत अख्खा बँड. १९३५ मध्ये इथल्याच एका दुकानाचा मॅनेजर फुलर आणि डेव्हिसबुवांना न्यूयॉर्कला रेकॉर्डिंगला घेऊन गेला. फुलर १९४१ ला गेलासुद्धा, शंभराहून जास्त गाणी मागे ठेवून.

मग तुम्ही गाडी १४७ वर घेतलीत, जो रस्ता मी रोज ऑफिसला जाताना शिव्या देत वापरते, आणि म्हणालात हेटाय होतं हे. काळ्या लोकांची दुकानं, थिएटर, चर्च, घरं, १९६० च्या दशकात फ्रीवे आणि अर्बन रिन्यूअलसाठी, म्हणजे शहराच्या पुनर्विकासासाठी, बराच भाग पाडला. सेंट जोसेफ चर्चची इमारत तेवढी उभी आहे, आता हेरिटेज सेंटर. तुम्ही भाषण नाही दिलंत, पण नंतर गाणं वाजवताना "हे कुणाचं आहे ते माहीत असू दे" एवढंच म्हणालात, आणि म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात वाजवलं तेव्हा मी आधी दोन मिनिटं लिबा आजींबद्दल बोलले. लोक समोशाच्या रांगेकडे बघत होते, तरी बोलले.

बाकी किरकोळ थँक्यू पण आहेत. माझ्या गिटारवरच्या जाड तारा काढून बारीक, लाइट तारा लावून दिल्यात, त्याने बोटं वाचली. मेट्रोनोम, ते ठेका देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवायला लावलात आणि वर न्यायची परवानगी फार उशिरा दिलीत. डेव्हिसबुवा न्यूयॉर्कमध्ये घरी शिकवायचे तेव्हा धड्याचे पाच डॉलर घ्यायचे, तुम्ही तेही घेत नाही, उलट काकू पोहे खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. आणि तुम्ही ज्यांच्याकडून शिकलात, त्यांचं नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण त्यांनाही माझा नमस्कार पोचवा.

आता तुम्ही म्हणताय पुढे टेक्सासचं घ्यायचं, मॅन्स लिप्सकोम्ब या तिकडच्या वादकाचं, ई मध्ये, अंगठा एकाच तारेवर ठोकत राहायचा. म्हणजे परत अंगठा! ठीक आहे. शनिवारी अकराला येते, कॅपो (गिटारच्या मानेला लावायचा चिमटा) माझ्याकडे राहिलाय आणि काकूंचा डबा पण, दोन्ही आणते.

तुमची,
शनिवारवाली विद्यार्थिनी