सुईने हाड जुळणार, पण कुणाचं?

संपादक महोदय, स. न.

आपल्या अंकात ‘आता इंजेक्शनने हाड जुळणार’ ही बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गावातले दोघे एक्स-रेचं पाकीट घेऊन माझ्या ओट्यावर हजर. ‘गुरुजी, ही सुई अंबाजोगाईला मिळती का संभाजीनगरलाच जावं लागतंय?’ बातमीत त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

विषय आमच्या घरातला आहे. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वेळी माझ्या पुतण्याची दुचाकी उसाच्या ट्रॉलीवर आदळली, नडगी मोडली. ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर (पण ते वेगळं पत्र होईल). सळई घातली, तरी आठ महिने हाड धरेना. शेवटी कमरेचं हाड काढून तिथे भरलं. नडगी जुळली, पण पोरगा अजून म्हणतो, ‘काका, पायापेक्षा कंबरच जास्त दुखली.’ हा दुसरा घाव टळावा म्हणून जगभर खटपट चालू आहे.

‘इथे नवं हाड बांधा’ असं पेशींना सांगणारी प्रथिनं हाडातच असतात. मार्शल युरिस्ट या अमेरिकन डॉक्टरांनी क्षार काढलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर चक्क स्नायूत हाड तयार झालं. हे 1965 सालचं. त्यांपैकी बीएमपी-2 हे प्रथिन 2002 पासून अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरतात, कोलॅजनच्या स्पंजात भिजवून. स्पंज ते फार दिवस धरून ठेवत नाही, म्हणून डोस भरमसाट द्यावा लागतो. म्हणजे पाटाने मोकळं पाणी सोडायचं आणि ते शेजाऱ्याच्या वावरात शिरायचं! नको तिथे हाड वाढतं, सूज येते. मानेच्या मणक्यात वापरल्यावर रुग्णांना श्वास घेणं, गिळणं अवघड झालं, तेव्हा 2008 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा काढला.

नवी सुई म्हणजे त्याच प्रथिनाचं ठिबक. जिलेटिन, अल्जिनेट, कायटोसान असल्या पदार्थांचं पातळ द्रावण सुईतून फटीत सोडतात. काही द्रावणं शरीराच्या 37 अंशांच्या उबेनेच तिथे थिजतात. आत अडकवलेलं प्रथिन मग जेल विरेल तसं आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. कल्पना झकास आहे, यात वाद नाही.

पण हे मऊ जेल वजन पेलत नाही, सळई किंवा प्लेट लागणारच, हे बातमीत कुठे आहे? आणि असले बहुतेक प्रयोग अजून उंदीर-सशांवरच चालले आहेत. ओट्यावरच्या दोघांपैकी एक जण बोलता बोलता बिडी ओढत होता. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो, हे मात्र माणसांतच दिसून आलेलं आहे. त्याची एक चौकट त्याच पानावर बसली असती.

पुढच्या वेळी प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, एवढं पहिल्या परिच्छेदात छापा. दोघांना मी परत पाठवलं, पण त्यातला एक आता मलाच विचारतो, ‘मग पेपरात खोटं छापतेत का?’

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. केज, जि. बीड