लेकीच्या हातातली शब्दांची यादी काढून घे

अंबाजोगाई,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लेक तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतेय, गणित-बुद्धिमत्तेत तिला कुणी हात धरत नाही, पण मराठीच्या शब्दसंग्रहात मार्क जातात, आणि अभ्यासिकेत कुणीतरी दिलेली समानार्थी शब्दांची जाडजूड यादी ती पहाटे उठून घोकते, हे वाचलं आणि राहवलं नाही. ती यादी आधी तिच्या हातातून काढून घे. एवढी हुशार पोर, तिच्या पहाटा अशा वाया चाललेल्या मला बघवत नाहीत. यादीत शब्द एकटा असतो. परीक्षेत तो वाक्यात येतो, आणि आजूबाजूचे शब्द त्याचा अर्थ ठरवतात.

वर्गात सांगतो तेच तुला लिहितो. हे वाक्य घे: 'गावकऱ्यांनी पाणंद रस्त्यासाठी वारंवार अर्ज केले, परंतु वरिष्ठांनी त्यांच्या मागणीची ____ केली.' पर्याय चार: अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा. लेकीनं चारही शब्द घोकलेले असतील, तरी घाईत गडबड होणार, कारण चौघांचा तोंडवळा एक. चारही स्त्रीलिंगी, म्हणजे 'मागणीची' आणि 'केली' यांच्याशी चारही जुळतात. व्याकरणानं एकही पर्याय गळत नाही. मग हातात राहतात ते 'वारंवार' आणि 'परंतु'. वारंवार अर्ज केले म्हणजे गावाला काहीतरी हवं होतं, आणि परंतु आला म्हणजे ते मिळालं नाही. पर्याय वाचायच्या आधीच तिनं रिकाम्या जागी आपला रोजचा शब्द ठेवून बघावा: 'मागणीकडं दुर्लक्ष केलं'. मग त्या अर्थाचा शब्द चौघांत कोणता, एवढंच शोधायचं.

इथं धातू कामाला येतो. चौघांच्याही पोटात 'ईक्ष्' आहे. संस्कृतात त्याचा अर्थ पाहणे. प्रति + ईक्षा, सम् + ईक्षा, अप + ईक्षा, उप + ईक्षा. कुणाच्या वाटेकडं बघत राहणं ती प्रतीक्षा. सगळं नीट बघणं ती समीक्षा. चहूबाजूंनी बघणं ती परीक्षा, कारण परि म्हणजे सभोवती. बारकाईनं बघणं ते निरीक्षण. आणि बघूनही न बघितल्यासारखं करणं ती उपेक्षा. एक धातू कळला आणि किती शब्द एका दमात हाताला लागले बघ! शिवाय शुद्धलेखनही आपोआप सुधारतं. परीक्षेतला 'री' दीर्घ का, हे आपल्याला मास्तरांनी छडी दाखवून शिकवलं होतं. परि आणि ईक्षा यांचा संधी झाला, इ आणि ई मिळून दीर्घ ई झाली, एवढं सांगितलं असतं तर छडीची गरजच नव्हती.

संस्कृतातले उपसर्ग २२ आहेत. प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निर्, दुर्, वि, अधि, प्रति, परि, उप आणि बाकीचे. पाठ करायचंच तर तिनं हे करावेत. 'हृ' धातूपुढं ते लावून बघायला सांग: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. व्याकरण शिकवणारे हे उदाहरण शेकडो वर्षं देत आले आहेत. धातू तोच, पण उपसर्गानं त्याला कुठल्या कुठं नेऊन सोडलं. कृतज्ञ आणि कृतघ्न यांच्यात गोंधळ होतो म्हणतोस ना? ज्ञ म्हणजे जाणणारा, घ्न म्हणजे ठार करणारा, शत्रुघ्नातला घ्न. केलेलं जाणतो तो कृतज्ञ, केलेल्यावर पाणी फिरवतो तो कृतघ्न. संपला विषय.

पण नुसत्या उपसर्गावर भिस्त ठेवू नको म्हणावं. उप म्हणजे जवळचा किंवा दुय्यम असं पाठ केलं, तर उपनगर, उपनदी, उपसरपंच सुटतील, उपेक्षेपाशी अडेल. 'वि'चंही तसंच: विज्ञानात तो विशेष सांगतो, विसंगतीत अभाव. मी पोरांना सांगतो, धातू हा साक्षीदार आहे आणि वाक्य पंच. साक्ष ऐकायची, निकाल पंचाचा घ्यायचा.

याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे 'जलद'. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, 'जलदूत' नावाची, ती तू स्टेशनावर जाऊन बघितली होतीस. जल आणि दूत, अर्थ उघडा आहे. त्याच जलाला 'द' म्हणजे देणारा जोडला की जलद, पाणी देणारा, म्हणजे ढग. 'ज' जोडला की जलज, पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ. आता 'जलद गाडी' घे. ही ढगांची गाडी नव्हे. हा जलद फारसीतल्या 'जल्द'वरून आला, त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. अक्षरं तीच, घराणी दोन. 'आकाशात जलद दाटून आले' आणि 'अर्ज जलद निकाली काढले' यांतला फरक कुठलाही धातू सांगणार नाही, तो वाक्यच सांगतं: एकीकडं दाटून येणं, दुसरीकडं निकाली काढणं.

क्रियापदाकडं बघायची सवय तिला लागली, तर निम्मं काम झालं म्हणून समज. पोरं नाम बघतात आणि क्रियापदावरून नुसती नजर फिरवून पुढं जातात. मराठीत बहुतेक नामांचं ठरलेलं क्रियापद असतं. ठपका ठेवतात, आळ घेतात, दोष देतात. अर्थ जवळजवळ सारखा, पण 'ठपका घेतला' आपल्या कानाला लगेच खटकतं. 'त्याच्यावर चोरीचा ____ घेतला' असं आलं की जागा आळाचीच. शपथ घेतात, प्रतिज्ञा करतात. आव्हान आणि आवाहन यांचा पेच तर जवळपास दर भरतीत असतो. आव्हान देतात, स्वीकारतात, पेलतात. आवाहन करतात. पूजेत देवाला बोलावतात ते आवाहन, त्याची जोडी विसर्जनाशी. 'रक्तदानासाठी पुढे येण्याचे ____ केले' इथं 'केले' वाचलं की दुसरा विचारच नको. लेक लहानपणापासून हे सगळं ऐकत आलीय, तिच्या कानात ते आहे. परीक्षेच्या धास्तीनं ती स्वतःच्या कानावर विश्वास ठेवत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

आपल्या मुलखाला साजेसं एक वाक्य देतो: 'तालुक्यात सलग दुसऱ्या वर्षी ____मुळे पेरण्या वाया गेल्या आणि पोळ्याआधीच टँकर सुरू करावे लागले.' पर्यायांत अतिवृष्टी आणि अनावृष्टी दोन्ही. वृष्टी दोन्हीकडं आहे, अति आणि अन् हे तिला माहीत आहेत. पेरणी दोन्हीनं बुडते, हे २०२५च्या सप्टेंबरात ज्यांच्या रानातली माती वाहून गेली त्यांना सांगायला नको. म्हणजे 'पेरण्या वाया गेल्या' हा शब्दसमूह दिसायला मोठा, पण त्याचा इथं उपयोग शून्य. निकाल लागतो तो टँकरवर. प्रश्न काढणारा वाक्यात असा एक तरी शब्द ठेवतोच, त्याच्याशिवाय उत्तर एकच राहत नाही. तो शब्द सापडेपर्यंत तिनं पर्यायाला हात लावू नये. (आणि तलाठी व्हायचंय तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की कागदावर अतिवृष्टी धरतात, हेही तिला माहीत असू दे.)

महसुली शब्दांचं पुस्तकात फारसं मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, दफ्तर उर्दूत. त्यामुळं खासरा पत्रक, सेतवार (दोन्ही जुन्या जमीन-नोंदी), मदतमाश, खिदमतमाश असले शब्द आजही जमिनीच्या वादात निघतात, आणि पोरं ते न समजताच पाठ करतात. अरे, तेही फोडता येतात. 'माश' म्हणजे मूळ अरबी 'मआश', उपजीविका. उपजीविकेला मदत म्हणून दिलेली इनामी जमीन ती मदतमाश. देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेपोटी, खिदमतीपोटी दिलेली ती खिदमतमाश. आणि वाईट मार्गानं पोट भरतो तो बदमाश! रोज तोंडात असलेला हा शब्द त्याच घरातला आहे, हे पोरांना कळतं तेव्हा वर्ग कसा जागा होतो ते तू एकदा येऊन बघ. अरबीत धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार, तामील या सगळ्यांच्या आत 'काम करणे' अर्थाचा एकच धातू आहे. समन्सची तामिली म्हणजे हुकुमाचं काम पुरं करणं, मग वेगळं पाठांतर कशाला? शंका आली तर माधवराव पटवर्धनांचा १९२५चा 'फारसी-मराठी कोश' बघावा. आमच्या ग्रंथालयात आहे, पानं काढून पाठवीन.

एका शब्दाचं मात्र तिला बजावून सांग: 'अपरोक्ष'. पर म्हणजे पलीकडं, अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांआड ते परोक्ष, आणि अपरोक्ष म्हणजे समक्ष. तरी 'माझ्या अपरोक्ष हे घडलं' असं लोक पाठीमागे या अर्थानं सर्रास म्हणतात. वाचताना तिनं वाक्याचं ऐकावं, बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते ओळखावं. स्वतः लिहिताना धातूला धरून राहावं. सगळेच म्हणतात म्हणून चालतं, हे मला या शब्दापुरतं मान्य नाही.

जिथं धातू ठाऊकच नाही तिथं तर वाक्याशिवाय दुसरा आधार नसतो. पुण्याच्या वाचकाला 'येळवस' कळणार नाही. पण 'येळवशीला रानात कडब्याची खोप करून पांडव पुजले, आंबील-भज्जी खाल्ली आणि पोरं झाडाला बांधलेल्या झोक्यावर चढली' एवढं वाचलं, की हा शेतातला सण आहे, थंडीत येतो की उन्हाळ्यात एवढं सोडून बाकी सगळं त्याला कळतं.

सरावाचं विचारलंस. रोजचं एक वर्तमानपत्र पुरे. अग्रलेखातला एक उतारा घ्यायचा, आईनं किंवा तू त्यातला एक अवघड शब्द अंगठ्यानं झाकायचा, तिनं आजूबाजूचं वाचून तिथं आपला शब्द सांगायचा, मग अंगठा काढायचा. तिचा शब्द वेगळा निघाला तरी अर्थ जुळला की बरोबर धरायचं. वहीत यादी करू देऊ नको. एका धातूला एक पान, आणि प्रत्येक शब्दाबरोबर तो जिथं भेटला ते पूर्ण वाक्य. पहिली पानं ईक्ष्, हृ, ज्ञा, स्था, वद् यांना दे. हे पाच चांगले फळतात.

येळवशीला मी येतोच आहे. लेकीला मागच्या भरतीच्या प्रश्नपत्रिका रानात घेऊन यायला सांग. जेवणं झाली की खोपीत बसून चुकलेले प्रश्न एकेक करून बघू, कुठल्या शब्दानं तिला चकवलं ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. वहिनींना नमस्कार सांग आणि भज्जी जरा जास्त करायला सांग.

तुझाच,
मास्तर