जुन्या गाड्यांसमोर नीट पाटी लावा

महोदय,

जुन्या आणि हौसेने बदललेल्या गाड्यांच्या प्रदर्शनात गेल्या रविवारी अख्खा दिवस घालवला. पायांचे तुकडे पडले, पण मन भरले नाही. १९५९ साली बाजारात आलेली मिनी तिथे होती. बॉनेट उघडे होते म्हणून वाकून पाहिले, तर इंजिन आडवे बसवलेले आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली. जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चौघे कसे मावतात, ते तेव्हा कळले. शेजारच्या फोर्ड मॉडेल टीची टाकी सीटखाली. पंप नाहीच, पेट्रोल केवळ उताराने इंजिनात जायचे. टाकीत पेट्रोल कमी असले की खडा चढ चक्क रिव्हर्समध्ये चढावा लागे! हे मालकाने हात पुसत पुसत सांगितले. पाटीवर मात्र फक्त नाव आणि साल.

बदललेल्या गाड्या पाहून जुने जाणकार नाक मुरडतात. भंगारात जाणारा सांगाडा कोणी नवे इंजिन घालून पळता केला, तर बिघडले कुठे? मूळ काय आणि नवे काय, एवढे लिहा म्हणजे झाले. मूळ भाग शाबूत असतील तिथे मात्र ग्राइंडर लावणे मलाही पटत नाही.

आणि ते सेल्फीवाले! एका गृहस्थाने पट्ट्याच्या बकलासकट मडगार्डवर बसकण मारली. मालक बोलला काहीच नाही, ओरखड्यावर अंगठा फिरवत राहिला. आयोजकांनो, पुढच्या वेळी निदान एक दोरी तरी बांधा.

– एक गाडीवेडा वाचक