माठ, नवतपा आणि रॅम

नागपूर, २ जून

प्रिय मन्या,

का बे, नवीन पीसी जुळवलास आणि पहिला प्रश्न काय, तर ‘रायझन ५ ३६०० (एएमडीचा प्रोसेसर) किती खेचू?’, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर किती पळवू. सुधारणार नाहीस.

प्रोसेसरचं दोन ओळींत संपवतो. तो थंडावा पाहून आपणहून ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. मी सहाही कोअर ४.२ वर बांधून १.३५ व्होल्ट दिले, तर हाती आले जेमतेम पाच टक्के आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए आठवतो? बस, म्हणजे चिपला ताल देणारी वाट, ६६ ची १०० केली की ३०० मेगाहर्ट्झची चिप सरळ ४५० वर पळायची. ती फुकटची चैन संपली.

खरी गंमत रॅममध्ये आहे. तुझ्या रॅमच्या पट्टीवर ३२०० लिहिलंय ना? तो तिचा वेग. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे छापलेला वेग लावणारं बटण, चालू कर, नाहीतर पैसे ३२०० चे आणि वेग २४०० चा किंवा त्याहूनही कमी. रायझनमध्ये आतला इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे चिपचे भाग जोडणारा रस्ता, रॅमच्याच तालावर चालतो: ३२०० ला १६००, ३६०० ला १८००. म्हणून फरक जाणवतो.

इथेच थांब. मी थांबलो नाही.

जानेवारीत माझ्या दुसऱ्या, इंटेलच्या पीसीवर रॅमला ३६०० लावलं, टायमिंग (रॅमच्या कामांमधले थांबे) आवळले, तरी पोट भरेना. मग ‘टी-रेफी’ला, म्हणजे रॅम किती वेळाने ताजी करायची त्या सेटिंगला, हात घातला. रॅममधला एकेक बिट म्हणजे पाझरणारा माठ. पाणी तळाला जायच्या आत पुन्हा भरावा लागतो, म्हणून डीडीआर४ मध्ये दर ७.८ मायक्रोसेकंदाला भरणीचा हुकूम सुटतो. मी ते अंतर चौपट केलं. भरणीत जाणारा वेळ वाचला, आकडे सुधारले. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) चालवली, एकही चूक नाही. मी खूश.

पण माठ तापला की जास्त पाझरतो, हे डोक्यातच आलं नाही. नवतपा, मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस, लागला. कूलर हॉलमध्ये, पीसी मागच्या खोलीत, पश्चिमेची भिंत. त्याच आठवड्यात आईच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो पेनड्राइव्हवरून उतरवले आणि शहाण्यासारखा पेनड्राइव्ह पुसला. चार दिवसांनी आईला दाखवायला बसलो तर सप्तपदीच्या खाली सगळं हिरवं. फाइल उतरताना रॅममधूनच जाते, आणि जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये, एक बिट उलटला तरी त्यापुढचं अख्खं चित्र घसरू शकतं. असे अकरा फोटो. बॅकअप घेतला होता रे, पण याच मशीनवरून, म्हणजे बिघडलेल्याचाच.

प्रोसेसर जास्त खेचला की बहुतेक वेळा निळा पडदा येतो, मशीन निदान बोंब तरी मारतं. रॅम मात्र चकार शब्द काढत नाही. त्या दिवसांत गेम चालले, ऑफिसचं काम झालं, एकदाही हँग नाही. मग भर दुपारी दोनला मेमटेस्ट लावली, तर दुसऱ्याच फेरीत लाल ओळी.

आता एक्सएमपी ३२०० वर आहे, बाकी सगळं ऑटो. तुला रॅम ३६०० करून बघायचीच असेल तर बघ, फक्त चाचणी दुपारी, दार लावून घे. पुण्याच्या थंडीत पास झालेली रॅम मला सांगू नकोस.

आईला अजून बोललो नाही. तिला वाटतंय ‘कॉम्प्युटर दुरुस्तीला आहे’. मूळ अल्बम वर्ध्याला मामाकडे आहे, पुढच्या रविवारी जातोय. तू शनिवारी येतोयसच, तर तुझा चपटा स्कॅनर घेऊन ये. आणि लॅपटॉप पण. माझ्या मशीनवर मी ते फोटो उतरवणार नाही.

तुझा,
पक्या