काप कुठे घ्यायचा आणि नाही कधी म्हणायचं: वस्तादांना जाहीर आभारपत्र

वस्ताद,

सप्रेम नमस्कार.

झाडावर चढून पोट भरणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहितो आहोत. आभार समोर येऊनही मानता आले असते. पण तुम्ही जे दिलंत ते आमच्यापुरतं राहू नये, म्हणून ते जाहीरपणे आणि मापांसकट लिहायचं ठरवलं. दोर आणि करवत घेऊन या कामात नव्याने शिरणाऱ्या कुणाच्या हाती हे पत्र पडलं, तर त्याला नुसत्या धन्यवादाचा काय उपयोग?

पहिलं ऋण कापाच्या जागेचं. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे तिच्या मुळाशी फुगीर कडा असते, आपण तिला कॉलर म्हणतो. बेचक्याच्या वरच्या अंगाला सालीची उंचवट्यासारखी, खडबडीत रेघ असते. काप या दोन्हींच्या बाहेरून जायचा, कॉलरला न दुखवता. खोडाला घासून सपाट कापलं की काम सफाईदार दिसतं, मालकालाही आवडतं. पण कॉलरमध्ये खोडाचं लाकूड असतं. ती गेली की जखम बरीच मोठी होते आणि कुजीला थेट खोडात वाट मिळते. उलट वीतभर खुंट सोडला तर तो वाळतो, कुजतो, आणि त्याच्यावरून नवी साल मिटायला जागाच राहत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी-आडवी चिरून पाहिली आणि 1977 साली हॅरॉल्ड मार्क्स यांच्यासोबत मांडलं, की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून तो आतच कोंडतं. तुम्ही हे तोंडी सांगून थांबत नव्हतात. ओंडक्याच्या छेदावर बोट ठेवून तपकिरी डाग कुठे अडला ते दाखवायचात. ते एकदा नीट पाहिलं की जखमेला डांबर किंवा रंग फासायची इच्छा कायमची जाते. त्या लेपाने कूज थांबत नाही, उलट त्याखाली ओल मात्र टिकते.

जड फांदीचे तीन काप तर आता हाताला सवयीचे झालेत. पहिला खालून, खोडापासून साधारण 30 सेंटिमीटरवर, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. करवत दाबली जाऊ लागली की थांबायचं. दुसरा वरून, त्याच्याही थोडा बाहेर, म्हणजे शेंड्याच्या बाजूला. फांदी मोडून पडते आणि सोललेली साल पहिल्या कापाशी अडते. मग उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने कॉलरच्या कडेने काढायचा. खालचा काप आळसापोटी गाळला, तर फांदी स्वतःच्या वजनाने कोसळताना खोडाची साल हात-दोन हात सोलत नेते. पाच मिनिटं वाचतात आणि झाड पुढची कित्येक वर्षं त्याची किंमत भरत राहतं.

पण ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट म्हणजे तुम्ही शिकवलेला नकार.

'झाड छपरावर पडेल, सगळा शेंडा उडवून द्या' ही या धंद्यातली सर्वांत नेहमीची मागणी. काम सोपं, पैसे लगेच, आणि आपण केलं नाही तर दुसरा कुणी करणारच. तुम्ही हे काम घेत नव्हतात. मात्र नुसतं नाही म्हणून निघूनही जात नव्हतात. मालकाला समजावून सांगायचात. शेंडा उडवला की झाडाचं अन्न बनवणारी पानंच जातात. मग सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात आणि झुडपासारखे सरळसोट फुटवे भराभर येतात. हे फुटवे खोडाच्या फक्त बाहेरच्या थरांना धरून असतात, मूळ फांदीसारखे आतपर्यंत रुजलेले नसतात. शिवाय त्यांच्या खालचं कापलेलं टोक कुजत असतं. काही वर्षांत उंची पुन्हा तेवढीच होते, पण आता छपरावर कमकुवत, जड फुटव्यांचा भार असतो. भीती घालवायला केलेलं काम धोका वाढवून ठेवतं.

आणि पर्यायही लगेच मांडायचात. उंच फांदी मागे घ्यायची तर ती मधेच न तोडता अशा बाजूच्या फांदीपाशी कापायची, जिची जाडी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे. तेवढी जाड फांदी शेंड्याची जागा घेऊ शकते, त्याहून बारीक असली तर नाही. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा, म्हाताऱ्या किंवा आजारी झाडाला त्याहूनही कमी. कागदावर झाडाचं रेखाटन करून कुठली फांदी जाईल आणि कुठली राहील ते दाखवलं, की बरेच मालक ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं काम सोडायचं. पोटासाठी राबणाऱ्या माणसाला हे परवडत नाही असं लोक म्हणतात. आमचं मत आता उलट झालंय. नकाराचं कारण ज्याला सांगता येतं, त्याच्याकडे मालक मजूर म्हणून पाहत नाही, जाणकार म्हणून पाहतो, आणि पुढच्या वेळी दर न विचारता बोलावतो.

पायात खिळ्यांचे काटे बांधून चढायलाही तुमची अशीच बंदी होती. झाड कायमचं काढायचं असेल तरच काटे. जगणाऱ्या झाडावर प्रत्येक पावलाला एक भोक पडतं आणि प्रत्येक भोक ही जखम असते. त्याऐवजी साधारण 350 ग्रॅमची फेकपिशवी, म्हणजे वजन भरलेली छोटी पिशवी, बारीक दोरीला बांधून वरच्या भक्कम बेचक्यातून टाकायची आणि तिच्यामागून चढायचा दोर ओढून घ्यायचा. दोर 11 ते 13 मिलिमीटरचा, कमी ताणणारा. तो थेट सालीवर घासू नये म्हणून बेचक्यात कड्यांचा पट्टा अडकवायचा. त्याने साल वाचते आणि दोरही जास्त टिकतो.

दोराच्या बाबतीत तुम्ही कधी तडजोड केली नाहीत. रोज सकाळी सगळा दोर बोटांमधून सरकवायचा. मऊ पडलेली जागा, काचेसारखा गुळगुळीत झालेला भाग, तुटलेले धागे यांतलं काहीही हाताला लागलं तर तो दोर त्या दिवशी वर जात नाही. पकडगाठ, म्हणजे वजन आलं की चढायच्या दोराला घट्ट धरणारी गाठ, प्रुसिक प्रकारची असो की ब्लेक, ती नीट बसवून, आवळून, पाय जमिनीपासून जेमतेम सुटले असतानाच पूर्ण वजन टाकून पाहायची. गाठ चुकीची आहे हे कळायची योग्य उंची तीच. आणि वर चेनसॉ (साखळीची यंत्रकरवत) चालवायचा तर माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा: एक चढायचा दोर, दुसरा कमरेचा. करवत एका दोरावरून फिरली तरी दुसरा धरून ठेवतो. कमरेच्या दोरात पोलादी तार असली तर कापण्यापासून संरक्षण मिळतं, पण ती तार वीज वाहून नेते, म्हणून विजेच्या तारांच्या आसपास तिचा भरवसा धरायचा नाही. ओलं लाकूडही वीज वाहतं. फांदी तारेला टेकली असेल तर वीजपुरवठा अधिकृतपणे बंद होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, मग मालक कितीही घाईत असो.

वजनाचा अंदाज ही बाब नवे लोक सर्वांत हलक्यात घेतात. ओल्या लाकडाचं वजन ढोबळमानाने पाण्याइतकं धरायचं: एका घनमीटरला 1000 किलो. म्हणजे 40 सेंटिमीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओंडका सुमारे 125 किलोचा. जाडी 60 सेंटिमीटर झाली की तेवढ्याच लांबीचा ओंडका 280 किलोच्या वर जातो. जाडी दुप्पट झाली तर वजन चौपट, हे डोळ्यांना खरं वाटत नाही, म्हणून तुम्ही तोंडी हिशेब घ्यायचात. त्यात ओंडका दोराला बांधून खाली सोडताना थोडा जरी मोकळा पडला आणि झटक्यात अडला, तर दोरावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. गाठीमुळे दोराची ताकद एक तृतीयांश किंवा त्याहूनही घटलेली असते, ती वेगळीच. उपाय दोन: तुकडे लहान घ्यायचे, आणि खालच्या माणसाने दोर एकदम न अडवता बुंध्यावरच्या वेढ्यांतून सरकू देत हळूहळू थांबवायचा.

हा खालचा माणूस! लोक वरच्याचे फोटो काढतात. पण दोराला किती वेढे द्यायचे, कधी सोडायचं, कधी धरायचं, रस्त्यावरून येणाऱ्याला कुठे थांबवायचं, वरच्याच्या दोरावर फांद्यांचा ढीग पडू नये म्हणून काय हलवायचं, हे सगळं तो पाहतो. वरचा जिवंत घरी जातो तो त्याच्या नजरेमुळे. तुम्ही त्याला 'हेल्पर' म्हणू दिलं नाहीत. मजुरी त्याच दिवशी, काम संपल्यावर, त्याच्या हातात, असा तुमचा नियम होता. आमच्या कामावर तो आजही पाळला जातो.

झाड बुंध्यातून पाडायचं गणितही तुमचंच. पडायच्या बाजूला खाच, जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल. मागून काप घेताना मधे न कापलेल्या लाकडाची पट्टी सोडायची, जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी. 50 सेंटिमीटरच्या खोडाला 5 सेंटिमीटर. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी झाडाला वळवत नेते. ती पूर्ण कापली की झाड कुठेही जाऊ शकतं. पुढे झुकलेल्या झाडाला साधा मागचा काप कधीच द्यायचा नाही. लाकूड ताणाखाली असतं, खोड उभं फाटतं आणि मागची फळी वर उसळते, नेमकी कापणाऱ्याच्या छातीच्या दिशेने. तिथे करवतीचं पातं खाचेच्या मागे आरपार घुसवून आधी बिजागरी तयार करायची, मागच्या कडेला एक पट्टा राखायचा आणि तो शेवटी बाहेरून तोडायचा. पळायची वाट मागे तिरपी, काप सुरू करायच्या आधीच मोकळी केलेली. बाकी सगळे झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराबाहेर.

चेनच्या धारेबद्दल थोडंच लिहितो. करवत ढलप्या फेकते तोवर धार आहे. बारीक भुसा पडू लागला की थांबून कानस घ्यायची. दोन्ही बाजूंच्या दातांना सारखेच हात मारायचे, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकवायचा नाही, करवत तिथूनच तोंडावर उलटते.

आता पैशाचं. कारागिराने हिशेबाची वही ठेवायची असते, हे आम्हाला तुमच्याकडे पाहून कळलं. महिन्याचे दिवस आणि कामाचे दिवस वेगळे: पाऊस, वारा, यंत्राची दुरुस्ती, झाड पाहायला जाण्यात गेलेले दिवस वजा करून जे उरतात, त्यांनीच सगळा खर्च उचलायचा असतो. त्या खर्चात इंधन आणि मजुरीबरोबर दोर, हार्नेस (चढताना अंगाला बांधायचे पट्टे), हेल्मेट यांची झीज धरायची, विमा धरायचा, पालापाचोळा उचलून नेण्याचं भाडं धरायचं. मग दर सांगायचा, आणि सांगून झाल्यावर गप्प राहायचं. मालकाने घासाघीस केली तर काम कमी करायचं: लाकूड तिथेच रचून ठेवतो, बुंधा जमिनीलगत न कापता गुडघाभर ठेवतो. माणसं कमी करायची नाहीत. दर पाडून मिळवलेल्या कामात पहिली कात्री नेहमी दोरावर आणि खालच्या माणसावर चालते, हे तुमचं निरीक्षण आम्ही सगळीकडे खरं ठरताना पाहतो. आणि सगळं आधी कागदावर: कोणत्या फांद्या, काप कुठे, लाकूड कुणाचं, सफाई कुणाची, आत खिळे किंवा तार सापडली तर काय. निम्मे वाद त्या एका कागदाने होतच नाहीत.

अजून एक सवय तुमच्यामुळे लागली. झाडावर एक माणूस असेल तर खाली जमिनीवर, झाडावर चढता येणारा दुसरा माणूस आणि चढाईच्या साहित्याचा दुसरा संच हजर हवा. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांतच धोक्यात येऊ शकतो, आणि बाहेरून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून वरून माणूस उतरवण्याचा सराव आम्ही ठरवून करतो. रक्तस्राव थांबवायचा दाबपट्टा वरच्याच्या कमरेलाच असतो, कारण गाडीतली पेटी वर पोचत नाही.

वस्ताद, तुम्ही ठेवून गेलेला चढायचा दोर गेल्या तपासणीत बाद केला. तुमच्याच नियमाप्रमाणे त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे केले, म्हणजे चुकूनही कुणी तो घेऊन वर जाणार नाही. ते तुकडे नवी मुलं गाठी शिकायला वापरतात. पुढच्या तपासणीला जमलं तर या. त्यांच्या गाठींवर वजन टाकून तुम्हीच पाहा, आणि चुकत असेल तिथे नेहमीसारखं स्पष्ट सांगा.

तुमचे,
झाडावरचे आणि झाडाखालचे सगळे