मंत्री साहेब, हॉस्पिटलनं 'नाही' म्हटलं तर ते लिहून द्यायला लावा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नागपूरहून नमस्कार. मी धंतोलीत एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभा असतो, अठरा वर्षं झाली. धंतोली म्हणजे घरं कमी अन् हॉस्पिटलं जास्त, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, पार छिंदवाडा-बालाघाटचे पेशंट इथं येतात, आणि पेशंटसोबत आलेल्या माणसाला चिठ्ठी देऊन खाली आमच्याकडे पाठवतात, त्यामुळं वर काय चालू आहे ते आम्हाला डॉक्टरच्या आधी नाही पण मंत्र्याच्या आधी नक्की कळते. राग मानू नका.

टीव्हीवर सरकारच्या फुकट उपचाराच्या योजनेवरून जी भांडणं चालतात ती आम्हीही पाहतो, दुकानात टीव्ही आहे. 2012 ला राजीव गांधींच्या नावानं 8 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचे गडचिरोली अन् अमरावती होते, मग 2013 च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात लागू झाली तो कार्यक्रम आमच्या नागपुरातच झाला. 2017 ला नाव बदलून महात्मा फुले. 2018 ला केंद्राचं आयुष्मान आलं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचाराचं, त्यात केंद्राचे 60 टक्के अन् राज्याचे 40, म्हणजे फोटो कोणाचा लावायचा यावर भांडण होणारच होतं. बंगालनं तर 2019 ला पंतप्रधानांच्या फोटोच्या पत्रांवरून योजनाच सोडली. ओडिशा अन् दिल्ली इतकी वर्षं बाहेर राहून 2025 मध्ये आत आले, दोन्हीकडे सरकार बदलल्यावर. आणि इकडे आमच्या काउंटरवर लोक अजूनही विचारतात, "भाऊ, इथं राजीव गांधी चालते का?" कोणी मोदी कार्ड म्हणते, कोणी पिवळं कार्ड, कोणी नुसतं "ते फुकटवालं". एवढी मारामारी करून काय मिळालं बाप्पा.

2023 च्या जूनमध्ये सरकारनं सांगितलं की आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही 5 लाख, सगळ्यांनाच. चांगला निर्णय, मनापासून म्हणतो. पण प्रत्यक्ष लागू झाला 1 जुलै 2024 ला. मधल्या वर्षात एक काका यायचे, त्यांनी पेपरचं ते कात्रण लॅमिनेट करून आणलं होतं, खिशातून आधारकार्ड काढावं तसं काढून दाखवायचे. त्यांना काय सांगणार.

आता मुद्द्यावर येतो. माझा साळा पवनीकडचा, केशरी कार्ड. मागच्या फेब्रुवारीत रात्री छातीत दुखलं म्हणून घेऊन आले, मीच एका हॉस्पिटलमध्ये नेलं, बाहेर योजनेचा मोठा बोर्ड लावलेला. काउंटरवरचा पोरगा म्हणे कार्ड चालते, पण योजनेचा बेड नाही, कॅशमध्ये आहे. म्हणजे बेड आहे, फक्त साळ्यासाठी नाही! मी म्हटलं, भाऊ, इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून दिले तरी चालतात. तो म्हणे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम पाहणारा हॉस्पिटलातला माणूस, सकाळी येईल. मग मी म्हटलं ठीक आहे, बेड नाही एवढं कागदावर लिहून दे, तारीख-वेळ टाक, मी दुसरीकडे नेतो. त्यानं हातातल्या पेनाला टोपण लावलं, खिशात टाकला अन् म्हणाला, "असं लिहून देत नसतात काका."

पंचवीस हजार जमा केले. साळ्याच्या बायकोनं पोत काढून दिली, ती सकाळी सराफ्यात ठेवली. तिच्याकडून एका इंग्रजी फॉर्मवर सही घेतली होती, तो फॉर्म मी दुसऱ्या दिवशी वाचला. त्यात लिहिलं होतं की रुग्णाला योजनेचा लाभ नको आहे, तो स्वेच्छेनं पैसे भरतो आहे. सातवी शिकलेली बाई, नवरा स्ट्रेचरवर, अन् ती म्हणे स्वेच्छेनं. म्हणजे 'नाही' हॉस्पिटलनं म्हटलं, पण कागदावर ते आमचं झालं. आता तक्रार करायची तर कशाच्या जोरावर करायची? पुरावा आहे, पण तो आमच्याच विरुद्ध.

हॉस्पिटलवाल्यांची बाजूही मला माहीत आहे, आमची उधारी त्यांच्याकडे असते. छोटे डॉक्टर सांगतात पॅकेजचा रेट, म्हणजे एका उपचाराचे सरकारनं ठरवलेले पैसे, परवडत नाही, क्लेमचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत, वरून क्वेरी म्हणजे शंका काढतात. खोटं नाही ते. हरयाणात 2025 च्या ऑगस्टमध्ये खासगी हॉस्पिटलांनी थकबाकीसाठी आयुष्मानचे पेशंट घेणंच बंद केलं होतं. तर ते पैसे वेळेवर द्या, रेट वाढवा, तुमचं तुम्ही बसून ठरवा. पण तुमचा हिशोब मिटेस्तोवर ती वसुली पवनीच्या माणसाकडून काहून?

मी मोठं काही मागून नाही राहिलो. मराठीत एक पानाचा फॉर्म काढा. पेशंटचं नाव, कार्ड नंबर, तारीख, वेळ, आणि कारण: बेड नाही, डॉक्टर नाही, आजार यादीत बसत नाही, किंवा तो उपचार फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहे. खाली सही-शिक्का. योजनेतलं हॉस्पिटल कार्डवाल्याला नाही म्हणत असेल तर हा कागद हातात दिल्याशिवाय म्हणू शकणार नाही, बस. आणि तो स्वेच्छेचा फॉर्म मराठीत, आरोग्यमित्रानं वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, रात्री असो का दिवसा. यासाठी दिल्लीला विचारायची गरज नाही, दवाखाने हा राज्याचाच विषय आहे. फोटो कोणाचाही छापा त्या फॉर्मवर, आमची हरकत नाही.

(जाता जाता, डिस्चार्जनंतर घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा योजनेत मिळते हे किती जणांना माहीत आहे? मी काउंटरवर सांगतो तर लोक हसतात, त्यांना वाटते मी गंमत करून राहिलो.)

साळा आता बरा आहे, शेतात जाते. पोत अजून सराफ्यातच आहे.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून त्या फॉर्मचा नमुना टाइप करून घेतला आहे, पत्रासोबत जोडतो. डिसेंबरात अधिवेशनाला याल तेव्हा एकदा रात्री दहानंतर धंतोलीत चक्कर मारा, ताफा-बिफा न घेता, साध्या गाडीनं, आणि केशरी कार्ड घेऊन कोणत्याही एका काउंटरवर उभे राहून पाहा. विधानभवनापासून फार लांब नाही.

आपला,
धंतोलीतल्या मेडिकलच्या काउंटरवरचा एक माणूस
नागपूर